गर्दी आणि सभा: प्राचीन ग्रीसची लोकशाही गावातल्या वर्गात कशी शिकवावी?

लोकशाहीचा उगम कुठे झाला, असे विचारले की विद्यार्थी ‘ग्रीसमध्ये, अथेन्स शहरात’ असे उत्तर देतात आणि एक गुण मिळवतात. पुढचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. अथेन्सच्या लोकांनी नेमके नवे काय केले? माणसे तर त्याआधीही जमत होती. जत्रेत जमत, राजाच्या दरबारासमोर जमत, लढाईसाठी जमत. मग अथेन्सच्या टेकडीवर जमलेल्या माणसांना लोकशाही का म्हणायचे?

या प्रश्नाचे उत्तर नियमांमध्ये आहे. सभा कधी भरणार, विषय कोण ठरवणार, बोलण्याचा हक्क कोणाला, मते कशी मोजायची आणि निर्णय चुकला तर जबाबदार कोण, हे अथेन्सने ठरवून घेतले. या नियमांमुळे जमाव आणि सभा वेगळे झाले. हा फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगायचा असेल, तर जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण आहे.

अंतरवाली सराटी का?

अंबड तालुक्यातले हे गाव २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी येथे उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला येथे पोलिसांनी लाठीमार केला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले आणि गावाचे नाव राज्यभर पोचले. १४ ऑक्टोबरला येथे विराट सभा झाली. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईकडे गेलेला मोर्चाही येथूनच निघाला. जून २०२४ मध्ये जवळच्या वडीगोद्री येथे ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषण झाले.

आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की या भागातल्या मुलांनी लोकांची ताकद डोळ्यांनी पाहिली आहे. मंत्री गावात येतात, चर्चा होते, सरकारला उत्तर द्यावे लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्याच मुलांच्या गावात दरवर्षी ग्रामसभाही भरते. तिथे पाणी, रस्ता आणि घरकुलाची यादी यांवर निर्णय होतात. एक जमाव मागणी करतो, दुसरी सभा निर्णय घेते. लोकशाहीत दोन्ही लागतात, पण दोन्हींचे काम वेगळे आहे. अथेन्सचा धडा इथूनच सुरू करता येतो.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्य कोणी करायचे हे ठरवण्याचा अधिकार इथल्या माणसाला नव्हता. त्यानंतर चार वर्षांच्या आतच, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, इथल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. रयत ते नागरिक हा प्रवास मराठवाड्यातल्या एका पिढीने स्वतः केला आहे. अथेन्सला त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तोही प्रवास अर्धवटच राहिला.

ग्रीक लोक आपल्याला अनोळखी होते का?

ग्रीस म्हटले की मुलांना फार दूरचे काहीतरी वाटते. प्रत्यक्षात गोदावरीच्या खोऱ्याचा ग्रीक भाषिक जगाशी दोन हजार वर्षांपूर्वीच संबंध आला होता. इ.स.च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या प्रवास-व्यापारवर्णनात पैठण आणि तेर (तगर) या दोन बाजारपेठांची नोंद आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे अंतरही लेखकाने दिले आहे.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमा सापडली. इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळालेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली. कार्ले, जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांत ‘यवन’ दात्यांचे शिलालेख आहेत. यवन हा शब्द आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला.

अलीकडच्या काळात पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीजचे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले आणि गो. वि. करंदीकर म्हणजे विंदांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठी वाचकांपर्यंत पोचवले. तेव्हा ग्रीस हा आपल्यासाठी अगदीच परका विषय नाही.

नगरराज्य म्हणजे किती मोठे?

प्राचीन ग्रीस हा एक देश नव्हता. डोंगर आणि समुद्र यांनी तुकडे केलेल्या त्या प्रदेशात शेकडो स्वतंत्र नगरराज्ये होती. अशा राज्याला ग्रीक भाषेत ‘पोलिस’ म्हणत. भाषा, देवता आणि ऑलिंपिकसारखे उत्सव सामाईक होते. कायदे, नाणी आणि सैन्य मात्र ज्याचे त्याचे. स्पार्टात दोन राजे होते, काही ठिकाणी मूठभर श्रीमंत घराणी राज्य करत आणि अथेन्समध्ये लोकशाही रुजली.

अथेन्सच्या ताब्यातल्या ॲटिका प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश होते. भरभराटीच्या काळात एकूण लोकसंख्या अडीच-तीन लाख असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात मताचा अधिकार असलेले प्रौढ पुरुष नागरिक काळानुसार ३० ते ६० हजारांच्या दरम्यान होते.

ग्रीक भाषेत ‘डेमॉस’ म्हणजे लोक आणि ‘क्रॅटॉस’ म्हणजे सत्ता. डेमॉसचा आणखी एक अर्थ आहे तो म्हणजे गाव किंवा वस्ती. अथेन्सचा नागरिक आपल्या गावाच्या नोंदवहीत नाव असल्यामुळेच नागरिक ठरत असे. आपल्याकडे मतदार यादीतल्या नावामुळे माणूस ग्रामसभेचा सदस्य होतो, तसेच काहीसे.

कर्जापासून लोकशाहीपर्यंत

अथेन्सच्या लोकशाहीची सुरुवात कर्जाच्या प्रश्नातून झाली, हे मराठवाड्यातल्या मुलांना लगेच समजेल. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले छोटे शेतकरी श्रीमंतांच्या कर्जात बुडाले होते. कर्जाला तारण म्हणून शेतकऱ्याचे शरीरच लिहून घेतले जाई. फेड झाली नाही तर तो आणि त्याची मुले गुलाम म्हणून विकली जात.

इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोन याच्याकडे कायदे बदलण्याचे काम आले. त्याने शरीर तारण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली आणि कर्जामुळे गुलाम झालेल्यांना मुक्त केले. या सुधारणेला ग्रीक लोक ‘ओझे झटकणे’ म्हणत. आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथून सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते जाळली आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. दोन्ही घटनांचा काळ फार वेगळा, पण दोन्हींत एक गोष्ट दिसते. जो दुसऱ्याच्या कर्जात पूर्ण बांधला गेला आहे, तो सभेत मोकळेपणाने हात वर करू शकत नाही.

पुढचे मोठे पाऊल क्लेइस्थेनिसने इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये उचलले. तोपर्यंत राजकारण घराण्यांच्या आणि भागांच्या गटांवर चाले. क्लेइस्थेनिसने नागरिकांची दहा नव्या ‘जमातीं’त विभागणी केली. प्रत्येक जमातीत शहर, किनारा आणि आतला डोंगराळ भाग अशा तिन्हीकडच्या वस्त्या मुद्दाम एकत्र घातल्या. त्यामुळे वेगवेगळ्या भागांतल्या आणि घराण्यांतल्या माणसांना एकत्र बसून काम करावे लागले. जुन्या निष्ठा पूर्ण गेल्या नाहीत, पण राज्याचा कारभार त्यांच्यावर चालेनासा झाला.

सभा कशी चाले?

अथेन्सच्या लोकसभेचे नाव ‘एक्लेसिया’. ती शहरालगतच्या प्निक्स नावाच्या टेकडीवर उघड्यावर भरे. इ.स.पू. चौथ्या शतकात वर्षाला ४० बैठका होत. काही महत्त्वाच्या निर्णयांना ६,००० मतांची गणपूर्ती लागे.

सभेपुढे कोणते विषय यायचे, याची तयारी ५०० जणांचे मंडळ करत असे. त्याला ‘बुले’ म्हणत. दहा जमातींतून प्रत्येकी ५० सदस्य चिठ्ठीने निवडले जात. मुदत एक वर्ष आणि आयुष्यात जास्तीत जास्त दोन वेळा. मंडळाचा अध्यक्ष तर रोज बदले. एक माणूस आयुष्यात एकदाच, एका दिवसापुरता अध्यक्ष होऊ शकत असे.

सभा सुरू झाली की दवंडीवाला विचारी, कोणाला बोलायचे आहे? मग कोणताही नागरिक उठून बोलू शकत असे, मग तो चांभार असो, नाविक असो की जमीनदार. मतदान साधारणपणे हात वर करून होई. बाजारात रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोरीने सभेकडे ढकलत आणत, अशी गंमत ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात आहे. कपड्याला लाल डाग म्हणजे हा सभेला उशिरा आला! पुढे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सभेला येणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, कारण मजुरी बुडवून सभेला येणे गरिबाला परवडत नसे. ग्रामसभेच्या दिवशी मजूर का येत नाहीत, या प्रश्नाचा अथेन्सने असा विचार केला होता.

अधिकाऱ्यांवरचा अंकुशही कडक होता. मुदत संपली की प्रत्येक अधिकाऱ्याला हिशेब द्यावा लागे. सभेत बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर नंतर खटला भरता येई. सभेने तो ठराव मंजूर केला असला तरी मांडणारा सुटत नसे.

चिठ्ठी की निवडणूक?

विद्यार्थ्यांना सर्वांत आश्चर्य वाटते ते चिठ्ठीचे. अथेन्समध्ये बहुतेक पदे चिठ्ठीने भरली जात. त्यासाठी खाचा असलेला दगडी फलकही वापरत. त्यात नावांच्या पट्ट्या लावून आणि काळे-पांढरे गोळे सोडून निवड होई. मतदानाने निवड होई ती मुख्यतः दहा सेनापतींची, कारण लढाईला अनुभव लागतो. पेरिक्लिस वर्षानुवर्षे प्रभावी राहिला तो याच पदावर पुन्हा पुन्हा निवडून येऊन.

यामागचा विचार सरळ होता. निवडणुकीत श्रीमंत, प्रसिद्ध आणि चांगले बोलणारे जिंकतात. चिठ्ठीत सगळ्यांना सारखी संधी असते. ॲरिस्टॉटलनेही चिठ्ठी ही लोकशाहीची पद्धत आणि निवडणूक ही अल्पजनसत्तेची पद्धत मानली होती.

आपल्याकडेही चिठ्ठी पूर्णपणे गेलेली नाही. सरपंचपदाचे आरक्षण ठरवण्यासाठी तहसील पातळीवर सोडत निघते आणि बऱ्याचदा लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढली जाते. दोन उमेदवारांना समान मते पडली तर ईश्वरचिठ्ठीने निकाल लागतो. तामिळनाडूतल्या उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात मडक्यात नावांच्या पानांच्या चिठ्ठ्या टाकून लहान मुलाकडून त्या काढण्याची पद्धत कोरून ठेवली आहे. फरक एवढाच, की अथेन्सची चिठ्ठी माणूस निवडत असे. आपली सोडत जागा कोणासाठी राखीव हे ठरवते आणि माणूस मतदार निवडतात.

खापरावरचे मत

मातीच्या फुटक्या भांड्याच्या तुकड्याला ग्रीक भाषेत ‘ऑस्ट्रॅकॉन’ म्हणत. कोणी माणूस फार प्रबळ होऊन हुकूमशहा बनेल अशी भीती वाटली, तर अथेन्सचे लोक वर्षातून एकदा खापरावर नाव लिहून त्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करू शकत. त्याची मालमत्ता जप्त होत नसे आणि परत आल्यावर हक्कही मिळत. या मतदानाला ६,००० खापरांची अट होती.

ॲरिस्टायडीज या न्यायी म्हणून गाजलेल्या नेत्याची गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. मतदानाच्या दिवशी एका निरक्षर माणसाने त्याला न ओळखता खापरावर ॲरिस्टायडीजचे नाव लिहून द्यायला सांगितले. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारल्यावर तो म्हणाला की काहीच नाही, पण सगळीकडे त्याला न्यायी न्यायी म्हणतात ते ऐकून कंटाळा आला. ॲरिस्टायडीजने गुपचूप स्वतःचे नाव लिहून दिले.

दुसरी गोष्ट उत्खननातून आली आहे. ॲक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लिसचे नाव लिहिलेली सुमारे १९० खापरे सापडली. ती फक्त १४ जणांच्या हस्ताक्षरात होती. म्हणजे कोणीतरी तयार खापरे वाटण्याची सोय केली होती. तयार मते वाटण्याची युक्ती मतदानाइतकीच जुनी आहे, हे विद्यार्थ्यांना यातून कळते.

सभाच चुकली तर?

लोकशाही शिकवताना तिचे अपयश लपवू नये. इ.स.पू. ४२८ मध्ये मिटिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केले. संतापलेल्या सभेने तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा आणि बायकामुलांना गुलाम करण्याचा ठराव केला. हुकूम घेऊन जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांना आपण काय केले ते जाणवले. सभा पुन्हा भरली, दोन्ही बाजूंची भाषणे झाली आणि थोड्याच मतांच्या फरकाने ठराव बदलला. दुसरे जहाज न थांबता वल्हवत गेले आणि अगदी वेळेवर पोचले. बंडाचे सूत्रधार ठरवलेल्यांना मात्र मृत्युदंड झालाच.

इ.स.पू. ४०६ मध्ये असे जहाज नव्हते. आर्गिनुसाईची लढाई जिंकूनही वादळात बुडणाऱ्या नाविकांना वाचवले नाही, म्हणून सभेने सेनापतींवर एकत्र खटला चालवला. प्रत्येकाची वेगळी सुनावणी करण्याचा नियम मोडला गेला. त्या दिवशी कारभार पाहणाऱ्यांपैकी सॉक्रेटिसने विरोध केला, पण लोकांच्या आरडाओरड्यापुढे तो टिकला नाही. हजर असलेल्या सहा सेनापतींना मारण्यात आले आणि नंतर अथेन्सला पस्तावा झाला. इ.स.पू. ३९९ मध्ये याच शहराच्या न्यायमंडळाने सॉक्रेटिसलाही मृत्युदंड दिला. ३० मते इकडची तिकडे झाली असती तरी तो सुटला असता, असे प्लेटोने लिहिले आहे.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. मिटिलिनीच्या वेळी सभेने दुसऱ्यांदा विचार केला. आर्गिनुसाईच्या वेळी नियम बाजूला ठेवला आणि सभेचा जमाव झाला.

टेकडीवर कोण नव्हते?

प्निक्सवर स्त्रिया नव्हत्या. गुलाम नव्हते, आणि लॉरियनच्या चांदीच्या खाणीत राबून अथेन्सची श्रीमंती उभी करणारे गुलामच होते. पिढ्यान्‌पिढ्या शहरात राहून कर भरणारे परके रहिवासीही नव्हते. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसच्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, अशी अट घातली. जन्मावरून माणसाला आत किंवा बाहेर ठेवणे आपल्या समाजाला चांगलेच ओळखीचे आहे.

आधुनिक ग्रीसमध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा पूर्ण अधिकार १९५२ मध्ये मिळाला. भारताच्या राज्यघटनेने तो २६ जानेवारी १९५० पासूनच दिला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी गावगाड्याचे गोडवे गाण्याला विरोध केला. गाव हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे असे सांगून, घटनेने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याचे त्यांनी स्वागत केले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सांगितले की लोकशाही भारताला नवी नाही. त्यासाठी त्यांनी दाखला दिला बौद्ध भिक्षुसंघांचा. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी असे संसदेचे नियम या संघांना माहीत होते. बाबासाहेबांनी भारतातली लोकशाहीची मुळे राजांच्या औदार्यात शोधली नाहीत, सभेच्या नियमांत शोधली. त्याच भाषणात त्यांनी असाही इशारा दिला, की घटनात्मक मार्ग खुले असताना रस्त्यावरचे मार्ग सोडले पाहिजेत. दुसरीकडे, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ नेच दिला आहे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, यावर अंतरवाली सराटीच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकते. शिक्षकाने निकाल देण्याची गरज नाही.

ग्रामसभा: आपली प्निक्स टेकडी

भारतात थेट लोकशाही आज टिकून आहे ती मुख्यतः ग्रामसभेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावाच्या मतदार यादीत नाव असलेला १८ वर्षांवरील प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. महाराष्ट्रात गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गासाठीही आरक्षण आहे. अथेन्सने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांच्यासाठी इथे कायद्याने जागा केली आहे.

कागदावर आपली ग्रामसभा प्निक्सपेक्षा जास्त लोकशाहीवादी आहे. अडचण वेगळीच आहे. अनेक गावांत गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. इतिवृत्तावर सह्या होतात, ठराव आधीच लिहिलेला असतो. मोर्चाला हजारोंनी जाणारे गाव ग्रामसभेला शंभरही जमवू शकत नाही, असे चित्र महाराष्ट्रात दुर्मीळ नाही.

याउलट गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजवली. निर्णय होईपर्यंत चर्चा चालू राहते आणि विषय समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट चालतात. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. अथेन्स हात मोजत असे, मेंढा हात मोजत नाही. दोन्हींत विषय, चर्चा आणि निर्णय यांची शिस्त मात्र आहे.

वर्गात काय करता येईल?

इयत्ता सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा अभ्यास आहे. त्याला जोडून पुढचे उपक्रम सहज घेता येतात.

१. चिठ्ठी आणि मत: एक महिना वर्गप्रमुख चिठ्ठीने, पुढचा महिना मतदानाने निवडावा. शेवटी मुलांनी दोन्ही महिन्यांची तुलना लिहावी. चिठ्ठीत कधी कोणाला पहिल्यांदा संधी मिळाली, हे आवर्जून विचारावे.

२. दोन दिवसांची सभा: मिटिलिनीचा ठराव वर्गात मांडावा. पहिल्या दिवशी फक्त एका बाजूची भाषणे आणि लगेच मतदान. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू आणि पुन्हा मतदान. दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत.

३. पाण्याचे घड्याळ: अथेन्सच्या न्यायालयात भोक पाडलेल्या मडक्यातून पाणी गळेपर्यंतच बोलता येई. आपल्याकडे लग्नात वापरले जाणारे घटिकापात्र मुलांना ऐकून माहीत असते. दोन डबे घेऊन असे घड्याळ बनवावे आणि प्रत्येकाला सारखाच वेळ द्यावा. नेहमी बोलणाऱ्यांना आणि कधीच न बोलणाऱ्यांना याचा वेगवेगळा अनुभव येतो.

४. खापर: कुंभाराकडून फुटकी खापरे आणून मतदान घेता येते. मात्र वर्गातल्या मुलांची नावे त्यावर लिहू देऊ नयेत, कारण खेळाचे रूपांतर एखाद्याला वाळीत टाकण्यात व्हायला वेळ लागत नाही. ॲरिस्टायडीज आणि थेमिस्टोक्लिस ही नावे पुरेशी आहेत. खेळानंतर वाळीत टाकणे म्हणजे काय आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा का केला, यावर बोलता येईल.

५. ग्रामसभेची नोंद: मुलांनी वहीत चार रकाने करून ग्रामसभेला प्रेक्षक म्हणून बसावे. किती जण आले, किती बोलले, त्यांत स्त्रिया किती आणि कोणत्या वस्तीतून कोणीच आले नाही. मत देण्याचे वय नसले तरी मोजण्याचे वय नक्कीच झालेले असते.

लक्षात ठेवण्यासारखा कालपट

इ.स.पू. ५९४ च्या सुमारास: सोलोनच्या सुधारणा, कर्जगुलामी बंद.
इ.स.पू. ५०८-५०७: क्लेइस्थेनिसची पुनर्रचना.
इ.स.पू. ४५१: पेरिक्लिसचा नागरिकत्वाचा कायदा.
इ.स.पू. ४२७: मिटिलिनीचा ठराव आणि फेरविचार.
इ.स.पू. ३९९: सॉक्रेटिसला मृत्युदंड.
इ.स.पू. ३२२: मॅसिडोनियाच्या वर्चस्वाखाली अथेन्सच्या लोकशाहीचा शेवट.
१९४८: हैदराबाद संस्थान भारतात विलीन.
१९५०: भारतात प्रौढ मताधिकार.
१९९३: ग्रामसभेला घटनात्मक स्थान.

अथेन्सची लोकशाही दोनशेहून कमी वर्षे टिकली. तिचे मंदिर-पुतळे संग्रहालयात आहेत, पण तिने शोधलेली कामाची पद्धत आजही गावागावांत वापरात आहे: आधी सूचना, ठरलेला विषय, बोलण्याची संधी, मोजलेले मत आणि शेवटी हिशेब. अंतरवाली सराटीच्या मुलांनी लाखोंची गर्दी पाहिली आहे. पुढच्या ग्रामसभेला शंभर माणसे येतील का आणि आलेल्यांना बोलता येईल का, हे उद्या त्यांनाच ठरवायचे आहे.